तांडा, डेरा आणि वाटेवरचे गवत

ज्या प्रवासात घर, माल, जनावरे आणि माणसे एकाच वेळी वाटेला लागतात आणि मुक्कामाच्या जागी एकाच वेळी स्थिरावतात, त्या सामूहिक प्रवासाला मराठीत तांडा, काफिला किंवा डेरा अशी नावे आहेत. काफिला म्हटला की वाळवंट आणि उंटांची रांग आठवते. परंतु समुद्र आणि वाळवंट या दोहोंपासून दूर, देशाच्या मध्यभागी वसलेल्या नागपूर परिसराचा आर्थिक इतिहास तांड्यांना वगळून लिहिता येत नाही, आणि कच्छच्या रणाकाठच्या मुलुखातून आलेल्या पशुपालकांचे उंट आजही नागपूर, वर्धा, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांच्या शिवारांतून ओझी वाहताना दिसतात. पहिला तांडा बंजारांचा. तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेपुढे थांबला. दुसरा डेरा रबारींचा. तो अजून चालता आहे. या दोहोंचा काळ, जनावर आणि व्यवसाय वेगळा असला तरी दोघांचेही चालणे रस्त्यापेक्षा एका दुसऱ्याच गोष्टीवर अवलंबून राहिले आहे, आणि ती गोष्ट म्हणजे वाटेच्या दोन्ही बाजूंचे सामाईक गवत व पाणी. तांड्यांच्या इतिहासाकडे या बाजूने पाहिले तरच तांडा का वाढला आणि का मोडला हे नीट उमगते.

बंजारांचा व्यवसाय ‘लदेणी’ या नावाने ओळखला जातो. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून दूरच्या बाजारात नेणे. या व्यवसायाचा आवाका किती मोठा होता, हे सतराव्या शतकातील दोन युरोपीय प्रवाशांच्या वर्णनांवरून कळते. ज्याँ बाप्तिस्त ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहिले असून, अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला तर तो संपूर्ण पुढे जाईपर्यंत गाड्यांना दोन-तीन दिवस थांबून राहावे लागे, असेही त्याने नोंदविले आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील पीटर मंडी हा १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याकडे जात असताना त्याला धान्याने लादलेल्या चौदा हजार बैलांचा तांडा भेटला. त्यात स्त्रिया आणि मुलांसह सहा-सातशे माणसे होती, बैल त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते आणि ते दिवसाला फार तर सहा-सात मैल, तेही उन्हे चढण्यापूर्वी, चालत असत. एका बैलावर सुमारे १२० किलो ओझे धरले, तर त्या एका तांड्याने १,६०० टनांहून अधिक धान्य वाहून नेले असा हिशेब निघतो. आजच्या पूर्ण भरलेल्या मालगाडीच्या जवळपास निम्मे होणारे हे ओझे कसल्याही बांधीव रस्त्याशिवाय जात होते.

इतक्या संथ वाहतुकीला बाजारात स्थान कसे मिळाले, याचे उत्तर खर्चाच्या हिशेबात आहे. बैलगाडीला रस्ता लागतो, चाकाला ओंगण लागते, गाडीवानाला मजुरी लागते आणि बांधून ठेवलेल्या बैलाला विकतची वैरण लागते. तांड्याचा बैल मात्र चालता चालता चरत असे, आणि दहा किलोमीटरांचा टप्पा सकाळीच संपल्यामुळे उरलेला दिवस त्याला चरायला मोकळा मिळे. हाकणारी माणसे घरचीच असत, आणि तांडा हेच त्यांचे घर असल्यामुळे परतीची घाई किंवा दुसरीकडे चालविण्याचा संसार त्यांना नसे. म्हणून धान्य, मीठ, कापूस यांसारखा जड आणि तुलनेने स्वस्त माल, ज्याचा घाईने खप होण्याची गरज नाही, तो शेकडो मैल दूर नेऊनही परवडत असे. मौल्यवान आणि हलका माल उंट, घोडे व गाड्यांनी जाई. पोटाला लागणारा माल मात्र बैलाच्या पाठीवरूनच फिरे. ही सगळी व्यवस्था एकाच गृहीतावर उभी होती: बैलाला चारा फुकट मिळाला पाहिजे.

विदर्भाच्या भूमीत या पद्धतीचा आणखी एक फायदा होता. नागपूर, वर्धा आणि वऱ्हाडचा मोठा भाग काळ्या, चिकण मातीचा आहे, आणि पावसाळ्यात ती माती गाडीच्या चाकाला अशी धरून ठेवते की जुन्या काळी चार महिने गाडीरस्ते जवळजवळ बंदच पडत. पाऊस उघडल्यानंतरही ओढ्यानाल्यांच्या उतारांवर गाड्या अडत, तर पाठाळ बैल, म्हणजे पाठीवर ओझे वाहणारा बैल, पायवाटेनेही उतरून जाई. पावसाळ्याचे दिवस तांडा एखाद्या उंच, मुरमाड माळावर काढत असे. दसऱ्याच्या सुमारास गवत पिकले, ओढ्यांचे पाणी निवळले आणि नवे धान्य बाजारात येऊ लागले की तांडे हलत.

तांड्याची रचना शिस्तीची होती. प्रमुख असे तो नायक. मार्ग, मुक्काम, मालाचा सौदा आणि आपसांतील तंटे यांबाबत त्याचा शब्द अखेरचा मानला जाई. त्याच्या हाताखाली कारभारी काम पाहत असे. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातिजमातींवर प्रसिद्ध केलेल्या चार खंडांच्या ग्रंथात बंजारांवर प्रदीर्घ लेख आहे आणि त्यात वऱ्हाडातील जुन्या नोंदींच्या आधारे तांड्याच्या अग्रभागी चालणाऱ्या ‘हटाडिया’ नावाच्या बैलाचे वर्णन येते. हा बैल बालाजीच्या नावाने सोडलेला असे आणि त्याच्या पाठीवर कधीही ओझे टाकले जात नसे. त्याला तांबड्या रेशमी फिती, कवड्यांच्या माळा, पितळी साखळ्या आणि घुंगरे यांनी सजवीत. तो संथपणे पुढे चाले, बाकीचे बैल त्या घुंगरांच्या आवाजामागे येत, आणि तो जिथे बसे तिथे त्या दिवसाचा मुक्काम पडे. तांड्यात कोणी आजारी पडले तर त्याला याच बैलाच्या पायाशी आणून नवस बोलला जाई. ही केवळ श्रद्धेची बाब मानून पुढे जाणे मात्र अपुरे ठरेल. दमलेला आणि ओझे नसलेला बैल सावली, गवत व पाणी पाहूनच बसतो, त्यामुळे मुक्कामाची जागा निवडण्याचे काम अनुभवी जनावराच्या पारखीवर सोपविण्याचा व्यवहारही त्या श्रद्धेत मुरलेला असावा.

मुक्कामावर बैलांच्या पाठीवरील कंठाळी, म्हणजे दोन्ही कुशींवर लोंबणाऱ्या जोडगोण्या, उतरवून त्यांची थप्पी भिंतीसारखी रचली जाई. तिच्यावर कापड ताणले की राहण्यापुरता आडोसा तयार होई. बैल चरायला सुटत, स्त्रिया चुली पेटवून स्वयंपाक आणि पाण्याची तजवीज करीत, आणि रात्री जनावरे आत घेतल्यावर राखणीचे काम तांड्याची दांडगी कुत्री करीत. बंजारांच्या कुत्र्यांची इमानदारी लोककथांचा विषय झाली आहे. सावकाराकडे गहाण ठेवलेल्या आणि चोरीचा माल शोधून देणाऱ्या कुत्र्याची कथा मध्य भारतात अनेक ठिकाणी सांगितली जाते, आणि छत्तीसगडमधील बालोद जिल्ह्यातील खपरी येथे तर त्या कुत्र्याच्या नावाचे कुकुरदेव मंदिरच आहे.

गवत आणि पाणी हा तांड्याचा जीव असल्याने बंजारांच्या सामूहिक स्मृतीत सर्वांत मोलाचा दस्तऐवज कोणता, तर चारापाण्याचा हक्क देणारा ताम्रपट. शाहजहानच्या दक्षिणेतील मोहिमेच्या काळात, सुमारे १६३० मध्ये, भंगी आणि झंगी नावाचे दोन नायक वजीर आसफखानाच्या सैन्यासोबत धान्य घेऊन दक्षिणेत आले. त्यांच्याजवळ १,८०,००० बैल होते, अशी परंपरागत कथा आहे. हा आकडा कथेतला आहे हे खरे, परंतु त्या ताम्रपटाने काय दिले याबद्दलची आठवण अधिक बोलकी आहे. जिथे पाणी मिळणार नाही तिथे लोकांच्या रांजणातले पाणी घ्यावे, जिथे चारा मिळणार नाही तिथे घरांच्या छपरावरचे गवत बैलांना घालावे, अशी मुभा सैन्याबरोबर असताना या नायकांना मिळाली, असे ही परंपरा सांगते. जमीन, पदवी किंवा रोख इनाम यांचा त्यात अग्रक्रम नाही. चालत राहण्यासाठी जे लागते त्याचा आहे. पाण्याची सोय तांड्यांनी स्वतःही केली. मध्य भारतात ठिकठिकाणचे तलाव आणि विहिरी बंजारांनी खोदल्याचे लोक सांगतात, आणि सागर शहरातील मोठा तलाव आजही लाखा बंजाराच्या नावाने ओळखला जातो.

युद्धकाळात तांड्यांचे महत्त्व कित्येक पटींनी वाढे, कारण शेकडो मैल चालणाऱ्या फौजेला आणि तिच्याबरोबरच्या बाजारबुणग्यांना धान्य पुरविणारी दुसरी यंत्रणा अस्तित्वात नव्हती. १८०३ मध्ये नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्याविरुद्ध लढणाऱ्या ब्रिटिश सेनानी आर्थर वेलस्लीच्या पत्रव्यवहारात बंजारांचा उल्लेख वारंवार येतो, आणि धान्याचे बैल वेळेवर पोहोचणे हा त्याच्या चिंतेचा कायमचा विषय दिसतो. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांना कटक आणि वऱ्हाडावरील हक्क सोडावा लागला. या घटना इतिहासाच्या पुस्तकांत तोफा आणि सेनापतींच्या नावांनी नोंदल्या गेल्या, पण त्या फौजा ज्यांच्या पाठीवरून जेवल्या ते नायक मात्र बहुतांशी निनावीच राहिले. १८१९ मध्ये कंपनीच्या लष्करातील जॉन ब्रिग्ज याने मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या नियतकालिकात बंजारांवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला, त्यामागेही लष्कराला धान्य कोण पुरवते हे जाणून घेण्याची गरज होती.

शांततेच्या काळात नागपूरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वाट उत्तरेची होती. कामठी, देवलापार, खवासा, सिवनी, लखनादौन, जबलपूर, रीवा असे टप्पे घेत ती गंगेकाठच्या मिर्झापूरला पोहोचे. नागपूर आणि वऱ्हाडचा कापूस या वाटेने बैलांच्या पाठीवर मिर्झापूरला जाई आणि तिथून नावांत भरून कलकत्त्याकडे. अमरावतीहून १८४२ मध्ये एकाच व्यापाऱ्याने कापसाच्या एक लाख बैलगोण्या या दिशेने रवाना केल्याची आख्यायिकावजा नोंद गॅझेटियरमध्ये आढळते. नागपूर ते मिर्झापूर हे अंतर साडेसहाशे किलोमीटरांच्या आसपास असल्याने दिवसाला दहा किलोमीटरांच्या चालीने प्रवासाला दोन महिन्यांहून अधिक काळ लागे. पूर्वेकडची वाट छत्तीसगडला जाई. तिकडचे तांदूळ व गहू इकडे येत आणि किनाऱ्याकडील मीठ आतल्या मुलुखात जाई. मध्य प्रांतातून गेलेल्या सरकारी जकातरेषेवर, जी सिंधूपासून महानदीपर्यंत पसरली होती, मिठावर कर वसूल केला जाई, आणि १८७९ मध्ये ती उठविली जाईपर्यंत मीठवाहू तांड्यांना तिच्या चौक्यांवर थांबावेच लागे.

ही वाट केवळ व्यापाऱ्यांची नव्हती. काशीयात्रेला निघालेली कुटुंबे, रजेवर घरी जाणारे शिपाई, हुंडीचा आणि कापडाचा व्यापार करणारे गोसावी, हे सारे याच मार्गाने जात, आणि एकट्यादुकट्याने प्रवास करणे धोक्याचे असल्याने वाटेतल्या धर्मशाळेत किंवा आमराईत सोबत जमवून पुढे निघत. गोसावी म्हणजे दशनामी संन्यासी परंपरेतील मठधारी. त्यांच्या मठांचे जाळे मिर्झापूरपासून नागपूर आणि हैदराबादपर्यंत पसरल्यामुळे एका टोकाला भरलेली रक्कम दुसऱ्या टोकाला हुंडीवर मिळत असे. सोबतीची हीच गरज ठगांच्या पथ्यावर पडली, असे ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमन याने १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ठगांच्या जबान्या असलेल्या ग्रंथावरून दिसते. सहप्रवासी म्हणून विश्वास संपादन करायचा आणि निर्जन ठिकाणी गळफास लावायचा, ही त्या जबान्यांतून पुन्हा पुन्हा येणारी पद्धत आहे, आणि सिवनी-लखनादौनचा जंगलपट्टा त्यात ठळकपणे येतो. आजचे इतिहासकार या जबान्यांकडे सावधपणे पाहतात, कारण त्या माफीच्या आमिषाने दिलेल्या होत्या. तरीही त्या काळच्या प्रवाशाला वाटेवरचा सोबती पारखून घ्यावा लागे, एवढे त्यांतून निश्चित कळते. शेकडो माणसांच्या तांड्यात प्रत्येक जण दुसऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत असे. अनोळखी जथ्यात न मिळणारे हे संरक्षण तांड्याला केवळ त्याच्या रचनेमुळेच लाभत होते.

२० फेब्रुवारी १८६७ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी नागपूरला पोहोचली आणि कापसाची दिशा बदलली. जो माल दोन महिने चालून गंगेवर जाई तो काही दिवसांत मुंबई बंदरात पडू लागला. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरातच सुरू झाली आणि काही कापसाला तर गाव सोडण्याचीही गरज उरली नाही. पूर्वेला नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८०च्या दशकात धावू लागली व छत्तीसगडचा तांदूळही रुळांवर चढला. बंजारांचा व्यवसाय रेल्वेने बुडविला, असे साधारणपणे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण हे विधान अर्धेच सत्य सांगते. काही वर्षे तांडे स्थानकांपर्यंत माल आणून देण्याचे काम करीत होते, काहींनी माळव्यातून तरुण बैल आणून वऱ्हाडच्या शेतकऱ्यांना उधारीवर विकण्याचा धंदा धरला होता, आणि बाजारापासून दूरच्या डोंगराळ भागात पाठाळ बैलांना नंतरही काम होते. त्यांची खरी कोंडी केली ती दुसऱ्या दोन बदलांनी.

पहिला बदल जंगलाचा. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगलाचे मोठे पट्टे राखीव केले, चराईवर फी बसविली आणि पूर्वी जिथे शेकडो बैल मोकळे सुटत तिथे परवाना आणि दंड आला. चारा फुकट असल्यामुळेच जी वाहतूक स्वस्त पडत होती, तिचा पायाच यामुळे काढून घेतला गेला. दुसरा बदल संशयाचा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरत्या समाजांकडे पाहण्याची सरकारी दृष्टी कायमची कलुषित केली, आणि काही भागांत बंजारांच्या काही गटांचीही नोंद त्याखाली झाली. ज्यांच्या प्रामाणिकपणावर फौजांचे जेवण आणि सावकारांचा माल अवलंबून होता, त्यांनाच पोलिसांत हजेरी द्यायला लावणारा हा कायदा भारतीय समाजावर झालेल्या मोठ्या अन्यायांपैकी एक आहे. तो १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे, म्हणजे त्या कायद्याची खूण सरकारी शब्दांत अजून टिकून आहे.

थांबलेल्या तांड्यांची गावे झाली, आणि यवतमाळ, वाशीम जिल्ह्यांत आजही मूळ गावापासून थोडे दूर, माळावर वसलेली वस्ती ‘तांडा’ याच नावाने ओळखली जाते व तिच्या प्रमुखाला नायक म्हणतात. पुसदजवळच्या गहुली या अशाच तांड्यात १९१३ मध्ये जन्मलेले आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी असून, अठराव्या शतकात गुरे आणि लदेणीसह फिरलेल्या या संताच्या स्थानाला बंजारा समाज काशी मानतो. रामनवमीच्या यात्रेला तिथे देशभरातून तांडे येतात, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे बंजारा वारसा संग्रहालयही उभे राहिले.

जनावरांच्या पाठीवरील वाहतूक यंत्रापुढे हटण्याची ही प्रक्रिया जगात अन्यत्रही घडली. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील वाळवंटी प्रदेश, ज्याला तिथे आउटबॅक म्हणतात, तो १८६० नंतरची सुमारे साठ वर्षे उंटांच्या काफिल्यांनी जोडलेला होता, आणि ते उंट व त्यांना हाकणारी माणसे भारतीय उपखंडातून गेलेली होती. बर्क आणि विल्स या संशोधकांच्या १८६० च्या मोहिमेसाठी कराचीहून उंट नेले गेले; पुढे बलुचिस्तान, सिंध, पंजाब आणि अफगाणिस्तानातील उंटवाल्यांनी तारखात्याचे खांब, लोकर आणि पाणी त्या वैराण मुलुखातून वाहिले, आणि त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेल्यामुळे तिथल्या प्रसिद्ध रेल्वेगाडीला ‘द घान’ हे नाव पडले. १९२०च्या दशकात मोटारी आल्यावर उंट मोकाट सोडले गेले. तिथे काफिला संपला, कारण त्याचे काम फक्त ओझे वाहण्याचे होते. विदर्भात जो डेरा टिकला त्याचे काम वेगळे आहे.

रबारी हा गुजरात आणि राजस्थानातील पशुपालक समाज आहे. कच्छमधील रबारींचे तीन गट मानले जातात, आणि त्यांपैकी ढेबरिया रबारी दूरच्या भटकंतीसाठी प्रसिद्ध आहेत. कच्छमध्ये पाऊस थोडा आणि बेभरवशाचा असल्याने मेंढ्यांचे कळप घेऊन पूर्वेकडे सरकणे हा त्यांचा जुना मार्ग, आणि त्यातील अनेक कुटुंबे काही पिढ्यांपासून विदर्भातच फिरत आहेत. इथली खेडी गुजरातेतून आलेल्या सर्वच पशुपालकांना सरसकट ‘काठेवाडी’ म्हणून ओळखतात. काळ्या लोकरी वस्त्रांतील स्त्रिया आणि पांढऱ्या चुणीदार केडियातील पुरुष दुरूनही ओळखू येतात. काही कुटुंबे मिळून एक डांग, म्हणजे एकत्र फिरणारा गट, बनतो. त्याच्या प्रमुखाला मुखी म्हणतात. पुढच्या मुक्कामाचा चारा, पाणी आणि शेतकऱ्याशी होणारा सौदा पाहण्यासाठी पुरुष आधी जाऊन येतात, मेंढ्या घेऊन निघतात, आणि डेरा उठविण्याचे व मांडण्याचे सगळे काम स्त्रिया करतात.

डेरा निघताना उंटाला खाली बसविले जाते, त्याच्या पाठीवर बाजा उलट्या बांधून त्यांच्या चौकटीत गोधड्या, भांडी, पिठाची पोती आणि पाण्याची पिंपे रचली जातात, आणि या सगळ्याच्या वर चालू न शकणारी कोकरे आणि लहान मुले बसतात. दुखऱ्या पायाची मेंढीही कधी तिथेच जागा मिळविते. उंट हा इथे मालवाहू जनावरापेक्षा अधिक आहे, कारण पाच-सहा उंटांवर घर, दवाखाना आणि पाळणाघर एकत्र हलते. बाभळीचा आणि झुडपांचा पाला खाऊन तो पोट भरतो व मेंढ्यांच्या गवतात वाटा मागत नाही, त्यामुळे वाळवंटातले हे जनावर विदर्भाच्या झुडपी रानातही डेऱ्याला परवडते.

डेऱ्याची कमाई दोन वाटांनी होते. कळपातील नर कोकरे विकून रोख पैसा येतो, आणि शेतात मेंढ्या बसविण्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. मेंढ्या बसविणे म्हणजे कळपाला रात्रभर विशिष्ट वावरात कोंडणे. लेंड्या आणि मूत्र तिथेच पडल्याने खत वाहून नेण्याचा किंवा पसरविण्याचा खर्च लागत नाही, आणि दुसऱ्या रात्री कळप शेजारच्या पट्ट्यात सरकविला जातो. मोबदला मेंढ्यांची संख्या, रात्री आणि त्या वर्षीची खताची निकड पाहून तोंडी ठरतो. याशिवाय डेऱ्याला कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीचा हिरवा पाला, तुरीचा गळलेला पाला आणि हरभऱ्याचे कुटार चरायला मिळते. विदर्भातील बहुतांश शेती कोरडवाहू असून एका पिकानंतर वावरे मोकळी पडतात, म्हणूनच हा परस्परांच्या सोयीचा व्यवहार इथे रुजला. गाईगुरे कमी झालेल्या आणि रासायनिक खतांचा खर्च वाढलेल्या काळात कोरडवाहू शेतकऱ्याला वावरातच लेंडीखत देणारी ही व्यवस्था कृषी खात्याच्या योजनांत कुठेच दिसत नाही, ही गंभीर उणीव आहे.

पावसाळ्यात मात्र सगळी वावरे पेरलेली असतात आणि तेव्हा कळपाला सामाईक जमिनीवाचून आधार नसतो. मध्य प्रांताच्या काळापासून विदर्भात अशा जमिनीसाठी वेगवेगळे शब्द रूढ आहेत: गावकऱ्यांचे चारा, लाकूडफाटा यांवरील हक्क म्हणजे ‘निस्तार’, महसुली दप्तरातील चराऊ सरकारी जमीन म्हणजे ‘ई-क्लास’, आणि नागपूर विभागातील, हलक्या मुरमाड मातीवर खुरटी झाडे वाढलेली जमीन म्हणजे ‘झुडपी जंगल’. नागपूर विभागातील सहा जिल्ह्यांत मिळून सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन झुडपी जंगल म्हणून नोंदलेली आहे, आणि २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच मानली पाहिजे असा निर्णय दिला. या जमिनीवरील बांधकामांच्या व विकासकामांच्या अंगाने त्या निर्णयाची भरपूर चर्चा झाली. परंतु ही जमीन मुळात गुरे चारण्यासाठी होती आणि आजही तिथे कुणाचे तरी कळप चरतात, ही बाब चर्चेत फारशी आली नाही. नव्या सिंचनामुळे वावरे दुबार पिकांखाली जात आहेत, पेंच, बोर, ताडोबा आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलांत चराईला बंदी आहे, आणि या दोहोंच्या मधला झुडपी पट्टा हाच डेऱ्याचा उरलेला आसरा आहे.

रस्त्यांचे स्वरूपही पालटले आहे. बंजारांची मिर्झापूरची वाट आज राष्ट्रीय महामार्ग ४४ म्हणून नागपूरहून सिवनीकडे जाते, आणि पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ महाराष्ट्राच्या हद्दीत त्या महामार्गाखाली वन्यप्राण्यांना ओलांडण्यासाठी नऊ मार्ग बांधले आहेत, ज्यांतून वाघ आणि चितळ ये-जा करतात असे छायाचित्रांवरून सिद्ध झाले आहे. वन्यजीवांसाठी घेतलेली ही काळजी अभिमानास्पद आहे, आणि म्हणूनच चालत्या कळपांच्या वाटा कोणत्याही आराखड्यात आखलेल्या नसणे अधिक खटकते. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग दोन्ही बाजूंनी कुंपणबंद आहे. त्याच्याखालचा जो मार्ग गावाला सोयीचा तो डेऱ्याला दोन दिवसांचा वळसा घालायला लावू शकतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि चाकांवरील घरातून फिरणाऱ्या पर्यटकांसाठी पाणी, वीज व मुक्कामाची जागा असलेले तळ उभारण्याची कल्पना त्यात आहे. फिरत्या घराला थांबायला हक्काची जागा आणि पाणी लागते हे तत्त्व शासनाला मान्य आहे, असा याचा अर्थ होतो. उंटावरच्या घरालाही तेच लागते.

अनोळखीपणाची किंमत डेऱ्याला कशी मोजावी लागते, हे जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात दिसले. कच्छहून विदर्भातील डेऱ्यांसाठी आणले जात असलेले ५८ उंट कत्तलीसाठी नेले जात असल्याच्या संशयावरून पोलिसांनी अडविले, ते गोरक्षण संस्थेत ठेवण्यात आले आणि आणणाऱ्या पशुपालकांवर गुन्हा दाखल झाला. विदर्भात रबारी उंट पाळतात, त्यांना ओझ्यासाठी उंट लागतात आणि ते कच्छमधूनच येतात, हे न्यायालयापुढे मांडावे लागले, आणि त्या प्रक्रियेनंतरच उंट पशुपालकांना परत मिळाले. इतकी वर्षे या शिवारांतून चालणाऱ्या समाजाची एखादी साधी नोंद महसूल, पशुसंवर्धन किंवा वन खात्याकडे असती, तर तो संशयच उभा राहिला नसता.

कायद्यात त्यांच्यासाठी एक दार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या आणि पशुपालक समाजांचा चराईचा व हंगामी वापराचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. मात्र अनुसूचित जमातींमध्ये नसलेल्या दावेदाराला तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, जंगलावरील अवलंबित्व सिद्ध करावे लागते, आणि ज्यांचे घरच उंटावर असते त्यांच्याकडे एका गावचा ७५ वर्षांचा कागद असण्याची शक्यता नसते. वयोवृद्धांच्या जबानीला नियमांनी पुरावा मानले आहे. ज्या शेतकऱ्यांच्या वावरांत आजोबांच्या काळापासून मेंढ्या बसल्या, त्यांच्या साक्षी ग्रामसभेने नोंदविल्या तर हा पुरावा उभा राहू शकतो. याच नियमांत आणखी एक तरतूद आहे: भटक्या आणि पशुपालक समाजांच्या दाव्यांची पडताळणी ते लोक किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील अशाच वेळी केली पाहिजे. वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत अशी ग्रामसभा घ्यायची झाल्यास तिची तारीख पंचायतीच्या सोयीने ठरवून चालणार नाही. ती कापसाचा शेवटचा वेचा झाल्यानंतर आणि पऱ्हाटी उपटण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत, डेरे शिवारात असताना ठेवावी लागेल.